टोपलीखालचे ठसे

चंद्राआत्यानं टोपली उचलली, "अगं बाई!" म्हणाली आणि मटकन खालीच बसली.

अंगणात दात घासत उभी असलेली हेमांगी चूळही न भरता आत धावली. घरातलं एक माणूस नुकतंच गेलेलं, त्यात आत्याचं वय पंच्याहत्तरीपुढचं; म्हटलं, आता हे काय नवीन! पण आत्या ठणठणीत होती. डोळ्यांना धार लागली होती खरी, चेहरा मात्र देवीचा कौल मिळाल्यासारखा उजळला होता.

"बघ गं हेमे, बघ! पक्षी झाला माझा भाऊ. पाय बघ कसे उमटलेत, तीन-तीन बोटांचे!"

ज्यांना ही रीत ठाऊक नाही त्यांना सांगायला हवं. कोंडसरच्या बैकरवाडीत माणूस गेलं की त्यानं जिथं डोळे मिटले तिथं तेलाचा दिवा लावतात. दहाव्यापर्यंत तो विझू द्यायचा नाही. दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी दिव्याभोवती तांदळाचं पीठ पसरायचं, वर बांबूची टोपली उपडी घालायची आणि सकाळी पिठावर कसले ठसे उमटलेत ते बघायचं. गेलेला जीव कुठल्या जन्माला गेला ते त्यावरून कळतं म्हणतात. बहुतेक वेळा मुंग्यांची रांग निघते. कधी उंदराची पावलं निघतात, तेव्हा सगळे गप्प बसतात आणि कुणीतरी चहाचं विचारतं.

हेमांगीचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. पण गेलेला माणूस तिचा बाप होता. सगळी वाडी त्यांना भाऊ म्हणायची, म्हणून तीही भाऊच म्हणायची. आत्याचं मन राखावं म्हणून ती वाकली.

पीठ निळं होतं.

माजघराच्या पूर्वेच्या झरोक्यातून कोवळं ऊन तिरपं येऊन जमिनीवर पडलं होतं. त्या उन्हात दिव्याजवळचं पीठ खंड्याच्या पंखासारखं निळंशार दिसत होतं. आणि टोपलीची कड जिथं टेकली होती तिथून, विणीच्या प्रत्येक फटीतून, आत शिरलेले तांबूस फराटे. दोन कडेला, एक मधे. कुणालाही ती पक्ष्याची पावलं वाटली असती. फक्त तिथं दाबल्याची खूण कुठंच नव्हती. पीठ सपाट होतं, नुसता रंग बदलला होता.

"आत्या, हे पीठ कुठनं घेतलंस?"

"फडताळातनं. पांढरा डबा होता खाली."

"तो पिठाचा नव्हता गं. ती माझी रांगोळी आहे!"

"असू दे," आत्या डोळे पुसत म्हणाली. "पांढरं ते पांढरं. पण पाय उमटलेत की नाही?"

आत्याच्या डोळ्यात मोतीबिंदू होता हे खरं, पण चूक डोळ्यांची नव्हती. काल संध्याकाळी माजघरात त्या दिव्याशिवाय उजेड नव्हता, आणि तेलाच्या ज्योतीत निळा प्रकाश जवळजवळ नसतोच. जो रंग अंगावर पडलाच नाही तो परत कुठून येणार? तरण्याताठ्या डोळ्यांनाही ती पावडर दिव्याच्या उजेडात पांढुरकीच दिसली असती.

ही रांगोळी म्हणजे हेमांगीची सारी हयात होती. किनाऱ्यावरच्या एका प्रयोगशाळेत ती पंधरा-सोळा वर्षं डायटमचा अभ्यास करत होती. डायटम हे पाण्यातलं एकपेशीय शैवाल, खाडीच्या ओंजळभर पाण्यात हजारोंनी सापडणारं. बाकीची शैवालं मऊ अंगानं जगतात. हे मात्र स्वतःभोवती काचेचं घर बांधतं. पाण्यात विरघळलेली सिलिका शोषून घ्यायची आणि तिचं कवच घडवायचं, झाकणाच्या डबीसारखं. त्या कवचाला ओळीनं बारीक छिद्रं असतात, आणि दोन छिद्रांमधलं अंतर प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आसपासचं असतं. त्यामुळे त्यावर पडलेला पांढरा प्रकाश जसाच्या तसा परत येत नाही. एका ठराविक लांबीच्या लाटांना त्या जाळीतून पुढे जाताच येत नाही, तेवढ्याच परत फिरतात आणि आपल्याला तो रंग दिसतो. कवचात रंगाचा कण म्हणून नसतो. मोराचं पीस कुटून बघा, निळा रंग हाती लागत नाही, त्यातलंच हे.

कोंडसरच्या खाडीत तिला जो डायटम सापडला त्याची छिद्रं इतकी अरुंद होती की रसायनांच्या वाफा त्यात शिरून द्रव होऊन बसत. छिद्रात हवा असेपर्यंत प्रकाश एका चालीनं चालतो. हवेच्या जागी द्रव आला की त्याची चाल मंदावते आणि परत फिरणाऱ्या लाटांची लांबी वाढते. मग निळ्याचा हिरवा होतो आणि हिरव्याचा तांबडा. हवेतल्या दमटपणानं फसगत होऊ नये म्हणून तिनं कवचांना पाणी न धरणारा एक पातळ लेप दिला. झालं, यंत्र तयार. ना बॅटरी, ना तार, ना स्क्रीन.

हे यंत्र लावायचं कुठं, हा प्रश्न तिला पडलाच नाही. वाडीतल्या प्रत्येक दारात रोज सकाळी बाई रांगोळी काढते. जमिनीलगत, उघड्यावर, रोज ताजी. डोंगराच्या कुशीत रंगाची मोठी कंपनी होती आणि तिथल्या, रंग पातळ करायच्या द्रावकांच्या वाफा हवेपेक्षा जड. सुटल्या तर जमिनीलगतच सरपटत येणार. हेमांगीनं घरोघर डबे वाटले. निळी असली की बरं, हिरवी झाली की एकमेकींना सांगा, तांबडी झाली की चूल विझवून डोंगरावरच्या मोकळ्या सड्यावर पळा, एवढंच शिकवलं. बायकांनी ते झटकन उचललं. साध्या रांगोळीपेक्षा ही दिसायचीही देखणी.

राग आला तो एकट्या दिगंबरला. हेमांगीचा हा थोरला भाऊ त्याच कंपनीत सेफ्टी ऑफिसर होता. कंपनीच्या कुंपणावरचे गॅसचे अलार्म त्यानं स्वतः उभे केले होते. "माझ्या अलार्मवर माझ्याच बहिणीचा भरवसा नाही!" असं तो चारचौघात बोलला. त्यात मागच्या साली एका घराला रंग लावत होते, तिथल्या टर्पेंटाइननं अख्ख्या आळीच्या रांगोळ्या हिरव्या झाल्या. बायका कंपनीच्या फाटकावर धडकल्या, दिवसभर काम बंद पडलं आणि दिगंबरला वरच्यांची बोलणी खावी लागली. तेव्हापासून दोघं भावंडं एकमेकांशी कामापुरतं बोलत होती. भाऊंना ते फार लागायचं. बाप गेला त्या दिवशी दोघं शेजारी उभी राहिली, रडली, पण बोलली नव्हती.

आणि आता भाऊ गेल्यामुळे वाडीला सुतक लागलं होतं. वाडी सगळी एकाच भावकीची, त्यामुळे सुतक सगळ्याच घरांना. सुतकात रांगोळी काढायची नाही! डबे फडताळात गेले, दारं मोकळी राहिली. इतके दिवस त्या पऱ्याच्या, म्हणजे डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्याच्या काठच्या वाडीत हवेवर नजर ठेवणारं कुणीच नव्हतं. हे हेमांगीच्या एवढ्या वर्षांत ध्यानात आलं नव्हतं. सगळा हिशेब केला, वाऱ्याचा, उताराचा, थंडीचा. आपल्याच घरच्या सुतकाचा मात्र विसर पडला. तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

ती झपाझप ओटीवर गेली. दिगंबर दहाव्याच्या विधींची तयारी बांधत होता, डोक्याचं मुंडण केलेलं, खांद्यावर पंचा.

"दादा, कंपनीतनं काहीतरी सुटलंय. पऱ्यानं वाडीत येतंय."

दिगंबरनं मान वर केली नाही. "आज तरी नको गं, हेमा."

"माजघरात येऊन बघ. तांबडी झालीय."

तो आला, बघितलं, आणि त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात ते जुनं हसू आलं. "दिव्याखाली ठेवलीत पावडर. रात्रभर तेल जळलंय तिथं. तेलाची वाफ गेली असेल तुझ्या छिद्रांत. मागच्या खेपेला रंगाच्या डब्यावरनं नाचवलंस, आता समईच्या तेलावर नाचव. सकाळीच मोबाईलवर अलार्मचं पॅनल बघितलंय मी, सगळं हिरवं आहे."

खरं सांगायचं तर शंका रास्त होती. हेमांगीलाही ती आलीच होती. पण तिनं फराटे नीट बघितले होते. तेलाच्या वाफेनं झालं असतं तर ज्योतीजवळची पावडर आधी बदलली असती. इथं तीच तेवढी निळी होती, आणि तांबडं होतं ते कडेला. दिवा जळला की त्यावरची हवा तापून वर जाते आणि टोपलीच्या बुडाच्या फटींतून बाहेरची हवा आत ओढली जाते. ते फराटे म्हणजे बाहेरून आत आलेल्या हवेच्या वाटा होत्या. ज्योतीच्या उबेनं छिद्रांतली वाफ उडून गेली, म्हणून मधलं निळं राहिलं.

"हे सगळं तुला पटवत बसत नाही," ती म्हणाली. "डोळ्यांनी बघ. मग काय वाटेल ते म्हण."

तिनं तांबडी पावडर चिमटीनं स्टीलच्या ताटलीत घेतली आणि अंगणात उन्हात नेऊन सुपानं वारा घालायला लागली. दिगंबर कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. तांबड्याचं हिरवं झालं, हिरव्याचं निळं. तेल असतं तर ते छिद्रांत चिकटून बसलं असतं, अशा वाऱ्यानं हललं नसतं. मग तीच ताटली घेऊन ती मागच्या मोरीशी गेली. मोरीचं भोक पऱ्याच्या बाजूला उघडायचं. ताटली तिनं त्या भोकापुढे जमिनीवर ठेवली.

निळी पावडर बघता बघता हिरवी झाली. मग कडेनं तांबडी व्हायला लागली.

तिथं दिवा नव्हता, तेल नव्हतं. दिगंबर खाली बसला. त्यानं जमिनीशी नाक नेलं. गेले दोन दिवस घरात पिकलेल्या केळ्यासारखा गोडसर वास येत होता. भेटीला आलेल्या पाहुण्यांनी केळ्यांचे घड आणले होते, त्यात उदबत्त्यांचा धूर, कुणाला संशय यायचं कारणच नव्हतं. आता त्याला तो वास ओळखू आला. रोज टाकीच्या आवारात फिरताना येणारा.

"नव्या युनिटची पाइपलाइन पऱ्याच्या खालनं नेलीय," तो पुटपुटला. "जमिनीत. माझे अलार्म कुंपणावर आहेत, माणसाच्या उंचीला." त्यानं बहिणीकडे बघितलं. "तांबडा म्हणजे किती गं?"

"पेटायला अजून थोडं कमी आहे. पण वाढतंय."

दिगंबर ताडकन उठला. "हेमा, माजघरात दिवा जळतोय."

दोघं एकदमच आत धावली. आत्या दिव्यापाशी तशीच बसली होती, तेल घालायच्या बेतात. "आत्या, दिवा विझवायला हवा. आत्ताच्या आत्ता."

आत्यानं तेलाची पळी खाली ठेवली. "शुद्धीवर आहेस का गं? आज दहावा! इतके दिवस डोळ्यात तेल घालून राखलाय मी. कावळा शिवायच्या आधी दिवा गेला तर माझा भाऊ अंधारात चाचपडत फिरेल."

"नाही विझवला तर स्फोट होईल. अख्खी वाडी जाईल."

"मग उचलून बाहेर ने, पण विझवू नको."

"नेता येत नाही, आत्या," दिगंबर म्हणाला. "गॅस जमिनीलगत आहे. पेटता दिवा घेऊन दारातनं जायचं म्हणजे... मी सांगतोय ना. मी, दिगू. मला कधी हिचं ऐकताना बघितलंयस का?"

हे मात्र आत्याला लागू पडलं. तिनं आधी भाच्याकडे बघितलं, मग भाचीकडे. ही दोघं एका सुरात बोलताना तिनं कित्येक दिवसांत ऐकली नव्हती. दिव्याला फुंकर घालायची नसते, म्हणून तिनं दोन बोटं तेलात बुडवली आणि वात चिमटीत धरली.

"भाऊ, माफ कर रे बाबा," ती मोठ्यानं म्हणाली, जणू तो पलीकडच्या खोलीत होता. "वाडी बाहेर काढायचीय. तुझी वाट तू बघ आता."

चर्र आवाज झाला. धुराची रेघ वर गेली. आत्या उठली, पदर खोचला आणि हेमांगीच्या आधी अंगणात पोचली.

वाडीत घरोघरी चुली पेटल्या होत्या. दोन हजार एकोणचाळीस साल असलं तरी आंघोळीचं पाणी चुलीवरच तापवायचं ही वाडीची सवय काही गेली नव्हती. पऱ्याकडच्या घरांत तर कुठल्याही घडीला भडका उडाला असता. हेमांगी ओरडत सुटली, "चुलींवर पाणी ओता! दिव्याच्या बटणाला हात लावू नका, गाड्या सुरू करू नका, वर सड्यावर चला!" माणसं दारात आली, पण पाय कुणी उचलेना. मागच्या सालची धांदल सगळ्यांच्या लक्षात होती. भावकीतले वडीलधारे बाळारामकाका काठी टेकत पुढे आले.

"हेमांगी, आज दहावा आहे. विधी सोडून रानात काय जायचं?"

बोलण्यात वेळ जायला नको होता. तिनं फडताळातला पांढरा डबा आणलाच होता. मूठ भरून घेतली आणि वाकून उंबऱ्यापासून रेघ ओढायला लागली.

"अगं, अगं! सुतकात रांगोळी?" काका ओरडले.

"लग्न झालेल्या लेकीला बापाचं सुतक किती, काका?"

"तीन दिवस," काका सवयीनं बोलून गेले.

"मग माझं कधीच फिटलंय!"

उंबरा मात्र अजून सुतकातलाच होता, त्यावर काकांना काहीतरी म्हणायचं असणार, पण तोवर हेमांगी अंगण ओलांडून पऱ्याच्या दरडीपर्यंत पोचली होती. सकाळच्या उन्हात ती लांबलचक निळी रेघ झगझगत होती. सगळे बघत राहिले. मग दरडीकडचं टोक हिरवं झालं. हिरवा रंग रेघेवरून अंगणाकडे सरकायला लागला आणि त्याच्या मागून तांबडा. कुणी रेघेला हात लावला नव्हता, वाऱ्याची झुळूक नव्हती. तो रंग चालत चालत माणसांच्या पायांकडे येत होता.

"अगं आई गं!" एक बाई किंचाळली आणि आत पळाली. दुसऱ्या क्षणाला तिच्या चुलीवर घागर ओतल्याचा आवाज आला. मग घरोघरी तोच आवाज. बाळारामकाकांनी काठी उगारून पुतण्यांना हाकललं, "बघत काय राह्यलात? म्हाताऱ्यांना उचला!" वाडी चढणीला लागली. म्हशींची दावी सोडली, कोंबड्यांच्या टोपल्या डोक्यावर घेतल्या, बाळंतिणीला खुर्चीत बसवून चौघांनी नेलं. आत्या कुणाचाही हात न धरता चढत होती आणि मागे राहिलेल्यांना नावानिशी हाका मारत होती.

हेमांगी सगळ्यांच्या शेवटी निघाली. ती वाटेवर जागोजाग चिमूटभर पावडर टाकत होती आणि थांबून बघत होती. उतारावर हिरवी. वळणावर फिकट हिरवी. आंब्याच्या झाडापाशी निळी. तिथं ती खाली बसली आणि दिगंबरला हाक मारली, "दादा, इथनं फोन कर! इथं हवा स्वच्छ आहे."

दिगंबरनं कंट्रोल रूमला फोन लावला. स्पीकरवरचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"साहेब, पॅनल सगळं हिरवं आहे. एकही अलार्म नाही."

"पॅनल राहू दे. नव्या युनिटची लाइन बंद कर. प्लांट थांबव. फायर ब्रिगेडला पऱ्याच्या बाजूनं पाठव, पण गाड्या लांब थांबव."

"साहेब, प्लांट बंद केला तर वर कारण द्यावं लागेल. अलार्म नसताना कारण काय लिहू?"

दिगंबरनं क्षणभर डोळे मिटले. आता जे तो बोलणार होता त्यावर त्याची नोकरी होती, त्याचं नाव होतं, इतकी वर्षं उभं केलेलं सगळं होतं. मागच्या खेपेचं हसं अजून कानात होतं. त्यानं खाली बघितलं. दगडावर बहीण बसलेली, केस विस्कटलेले, हात कोपरापर्यंत निळे.

"रांगोळी लिही," तो म्हणाला.

"काय, साहेब?"

"रांगोळी! कारण, रांगोळी. आणि खाली माझं नाव टाक. दाब ते बटण!"

डोंगराच्या कुशीतला तो कायमचा घुमणारा आवाज, ज्याची वाडीला इतकी सवय झाली होती की तो आहे हेही कुणाला जाणवत नसे, हळूहळू खाली येत गेला आणि थांबला. सड्यावर उभ्या असलेल्या माणसांना पहिल्यांदाच लांबच्या खाडीवरचे पक्षी ऐकू आले.

तासाभरानं दिगंबरचा फोन वाजला. पऱ्याच्या तळाखाली पाइपचा सांधा उलला होता. द्रावक मातीत मुरत मुरत दगडांच्या फटींतून वर येत होतं, आणि थंडीच्या स्थिर हवेत पऱ्याच्या घळीतून वाडीकडे घरंगळत होतं. फायर ब्रिगेडच्या अधिकाऱ्यानं वाडीच्या मधोमध यंत्र धरलं तेव्हा काटा पेटायच्या पातळीला जाऊन भिडला होता. "एक चूल पेटती राहिली असती तरी पुरे होतं," तो म्हणाला. "तुम्हाला कळलं कसं?"

दिगंबरनं फोन कानापासून बाजूला केला आणि नुसतं बहिणीकडे बोट दाखवलं. त्या अधिकाऱ्याला ते दिसणार नव्हतं, पण सड्यावरच्या सगळ्यांना दिसलं. मग तो धबाधबा पावलं टाकत आला आणि हेमांगीला त्यानं मिठीच मारली. लहानपणानंतर पहिल्यांदा. "चुकलो गं," तो म्हणाला. "मागच्या खेपेलाही रांगोळी हिरवी झाली होती म्हणजे ती बरोबरच होती. टर्पेंटाइन होतंच ना तिथं! खोटं कुठं बोलली ती?" हेमांगी त्याच्या पंच्यात तोंड खुपसून रडली; भाऊंसाठी राहून गेलेलं सगळं त्यात रडली.

दहावा सड्यावरच झाला. भटजी खालच्या गावातून आडवाटेनं आले. पिंड ठेवायला नेहमीसारखी नदी नव्हती, कातळावरचं एक पाण्याचं डबकं होतं. दिवा विझल्याचं कळताच भटजींच्या कपाळावर आठी पडली, पण आत्या पुढे सरसावली. "माझ्या भावाचा दिवा मी विझवलाय, या बोटांनी. काय दोष असेल तो मला लावा. पण आधी मोजा, इथं किती माणसं बसलीत ती." भटजींनी सड्यावर नजर फिरवली, बाळंतिणीच्या मांडीवरचं पोर बघितलं आणि मुकाट्यानं मंत्र सुरू केले. कावळा मिनिटभरात शिवला. "बघा!" आत्या म्हणाली. "त्याची काही इच्छा राहिली नव्हती." टोपलीखालचे ठसे हवेचे होते असं हेमांगीनं तिला दोनदा समजावलं. आत्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हवेनं उमटवले म्हणतेस? बरं. हवेला सांगितलं कुणी?"

संध्याकाळपर्यंत लाइन रिकामी झाली, पऱ्यात मोठे पंखे लावून घळ मोकळी केली. कंपनीचे एक मोठे साहेब यंत्र घेऊन आले आणि म्हणाले, "रीडिंग शून्य आहे. वाडीत जायला हरकत नाही."

"सकाळीही रीडिंग शून्यच होतं, सर," दिगंबर म्हणाला. "माणसं खाली जातील ती रांगोळी निळी राहिली तरच. आणि उद्यापासून पऱ्याकाठचा प्रत्येक अलार्म जमिनीलगत बसेल. त्याशिवाय प्लांट सुरू करायच्या कागदावर माझी सही मिळणार नाही."

साहेबांनी आजूबाजूला बघितलं. सगळी वाडी हाताची घडी घालून उभी होती. ते बरं म्हणाले.

आधी बायका उतरल्या. घरोघरी फडताळं उघडली, डबे बाहेर आले. सुतक अजून फिटलेलं नव्हतं. उद्या सकाळची आंघोळ झाल्याशिवाय ते फिटणार नव्हतं. कुणी कुणाला विचारलं नाही. बाळारामकाका स्वतः आपल्या घरचा डबा घेऊन सुनेच्या मागे उभे राहिले आणि "मोरीपाशी काढ, तिथं जास्त काढ," असं बजावत होते. दिवस मावळायच्या आत बैकरवाडीच्या प्रत्येक उंबऱ्यावर, मोरीशी, विहिरीवर, गोठ्याच्या दारात रांगोळी पडली. वर सड्यावरून बघणाऱ्या पुरुषांना सगळी वाडी निळी झालेली दिसली. कुठंही हिरवा ठिपका नव्हता. मग एकच आरडाओरडा झाला आणि माणसं धावत सुटली.

भाऊंच्या घराचा उंबरा तेवढा मोकळा होता. हेमांगी डबा उघडायला गेली, तर दिगंबरनं तो तिच्या हातातून घेतला.

"माझा उंबरा आहे," तो म्हणाला. "मी काढतो."

"तू? जन्मात काढली आहेस का कधी?"

"शिकव."

तो उकिडवा बसला, चिमूट धरली आणि श्वास रोखून रेघ ओढली. ती निम्म्यात जाड झाली, पुढे वळली आणि भलत्याच ठिकाणी संपली. दारात गर्दी जमली होती. आत्यानं मोतीबिंदूचे डोळे बारीक करून ती रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली.

"दिग्या, ही रांगोळी आहे की म्हशीनं शेपूट आपटलंय?"

"निळी आहे ना, आत्या?"

"निळी आहे बाबा, निळी आहे."

"मग झालं तर!"

माणूस गेलेल्या घराच्या दारात दहाव्याच्या संध्याकाळी हसायचं नसतं. पण आधी हेमांगीला हसू फुटलं, मग बाळारामकाकांना, आणि मग अख्खी वाडी पोट धरधरून हसत सुटली, सगळ्यांत मोठ्यानं चंद्राआत्या.